पावण्यांचं दूध

हंबीररावांनी दोन म्हशी आणून थेट बास्केटबॉलच्या खांबाला बांधल्या. सामना पाच वाजता होता. साडेचारला गुणफलक ठेवायच्या जागी त्यांचा गडी आकाराम चरवी गुडघ्यांत धरून धारा काढत बसला होता.

शिवांजलीने ओठ दाबून घेतले. सहा वर्षं ती या पोरींना खेळवत होती आणि सहा वर्षं क्रीडा मंडळाच्या या अध्यक्षांना सोसत होती. हंबीरराव एके काळचे पैलवान. कोणत्या काळचे ते कोणी विचारत नसे, कारण विचारलं की ते सांगत बसत. बास्केटबॉलला ते टोपलीचा खेळ म्हणत. एखादी पोरगी आपटली की उठून टाळ्या वाजवत, मग ती आपली असो की समोरची. जिंकण्याबद्दल त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे खुराक. नुकतं काढलेलं म्हशीचं दूध उभ्याने प्यायलं की अंगात हत्तीचं बळ येतं, अशी त्यांची खात्री. खुशाल असू दे. पण अठ्ठ्याण्णव सालच्या या लीगच्या पहिल्याच सामन्याआधी या गृहस्थांनी पोरींना निरसं दूध तांब्या-तांब्याने पाजलं होतं. पहिल्या हाफमध्येच तिघी मैदानावर ओकल्या. संघ वीस गुणांनी हरला, तेव्हा हंबीरराव म्हणाले, दूध कमी पडलं.

त्यानंतर पोरी तांब्या हातात घ्यायच्या, ओठाला लावायच्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मोरीत ओतायच्या. शिवांजलीनेच तसं सांगितलं होतं. पुढचे सगळे सामने त्या जिंकल्या आणि हंबीररावांनी ते श्रेय म्हशींना देऊन टाकलं.

आजचा सामना शेवटचा. जिंकेल त्याला चषक. चषक आला नाही तर या मैदानावर लाल माती टाकून आखाडा करायचा, असं हंबीररावांनी सभेत जाहीर केलं होतं आणि समितीने माना डोलावल्या होत्या. तेवढं एक काम त्या समितीला छान जमायचं. कोल्हापुरात दुसरं मैदान मिळण्याची आशा नव्हती. मैदान गेलं की संघ गेला.

समोर इचलकरंजीचा संघ होता, एकही सामना न हरलेला. बहुतेक पोरी शेजारच्या कबनूरच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरच्या. दोघी तर सकाळची पाळी उरकून टेम्पोत बसल्या होत्या. त्यांना खेळवणारी शांभवी एकेकाळी शिवांजलीच्या हाताखालीच शिकली होती, आणि चांगली शिकली होती. सरळ खेळ झाला तर आज आपण हरणार, हे शिवांजलीला पक्कं ठाऊक होतं.

"आधी पावण्यांस्नी!" हंबीरराव गरजले. "घरच्यांचं मागनं. पावणं उपाशी खेळलं तर आमची काय इज्जत ऱ्हायली?"

आकारामने तांबे भरले. शांभवी हातातला तांब्या तसाच घेऊन शिवांजलीकडे आली.

"आक्का, मॅचच्या आदी चालंल न्हवं हे? पोरी सकाळपासनं चहा-बटरवरच हायत. आनि ह्यास्नी न्हाय म्हणाय बरं वाटंना."

शिवांजलीने मैदानाकडे पाहिलं. सकाळीच तिने आणि पोरींनी वाकून वाकून त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

"चालतंय की," ती म्हणाली. "आमच्या पोरी दर मॅचला पितात."

शांभवी हसली आणि आपल्या पोरींना हाताने खूण केली. नऊ नंबरची एक लहानखुरी पोरगी तांब्या रिकामा करून जर्सीच्या बाहीने तोंड पुसत म्हणाली, "आजून हाय?" आकारामला कोण आनंद झाला. त्याने तिला दुसरा भरून दिला.

मग यजमानांची पाळी. शिवांजलीच्या पोरी आपापले तांबे घेऊन खोलीत गेल्या. कर्णधार वर्षाराणी सगळ्यांत शेवटी गेली. दारात थांबून तिने एकदा मागे पाहिलं.

दहाव्या मिनिटाला नऊ नंबरची पोरगी पोट धरून कडेला बसली. पुढच्या पाच मिनिटांत आणखी दोघी. उरलेल्या धावत होत्या, पण उडी मारायची म्हटलं की त्यांचे चेहरे पिळवटत. कोल्हापूर अकरा गुणांनी जिंकलं.

हंबीररावांनी माईक धरला. "त्याच म्हशी, तेच दूध. पन आमच्या पोरींनी पचीवलं. आता मैदान पोरींचंच ऱ्हाईल. हंबीररावाचा शब्द हाय."

हे वाक्य ऐकायला शिवांजली सहा वर्षं थांबली होती. काय हा माणूस, असं नेहमीसारखं म्हणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. हंबीरराव माईक ठेवून नऊ नंबरच्या पोरीपाशी मातीत बसले होते. एका हाताने तिची पाठ चोळत होते, दुसऱ्या हाताने लिंबूपाणी पाजत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माजंच चुकलं, बाळ. सवं नसताना पाजाय नको हुतं." शिवांजलीला त्यांचा राग हवा होता. तो येईना. स्वतःची मात्र किळस आली.

टेम्पो निघायच्या आधी शांभवी परत आली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरोखरच विचारत होती.

"आक्का, तुमच्या पोरींनी कितकं घेतलं? आमी सवं लावाय पायजे."

"एकेक तांब्या," शिवांजली म्हणाली.

वर्षाराणी चेंडू जाळीत भरत होती. वर न बघता ती शांभवीला म्हणाली, "आमी प्यालो न्हाय, मॅडम. आमी ओतून टाकतो. आमास्नी तसं सांगितलंय."

शांभवीने वर्षाराणीच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर ठेवला, आणि टेम्पोकडे चालू लागली. तिने शिवांजलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, हिकडं या!" हंबीरराव हार घेऊन आले. "मान तुमचाच."

शिवांजलीने मान खाली केली. हार गळ्यात पडून बराच वेळ झाला, फोटोवाला दोनदा ओरडला, तरी तिला मान वर करता येईना.