दुसऱ्याच्या हाकेला ओ

बशी चाचपत चाचपत कप खाली आला आणि खण्णकन टेकला.

"सापडली एकदाची!" म्हातारा स्वतःवरच हसला. "तुझी आई असती तर म्हणाली असती, डोळे होते तेव्हा तरी कुठे नीट ठेवत होतात!"

तीही हसली. वडिलांची नजर गेल्यापासून ती दर आठवड्याला लेकीला घेऊन इथे यायची. त्यांची नखं कापायची, औषधं लावून ठेवायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची. हे सगळं ती मनापासून करायची. ते मनापासून होतं, म्हणूनच घरी जाताना तिला स्वतःची जास्त लाज वाटायची.

"उद्या वकील येतोय," ते म्हणाले. "हे घर, खालचं फरश्यांचं दुकान, सगळं तुझ्या नावावर. मग पोरीला घेऊन इथेच राहायला ये. फक्त त्या सीटकव्हरवाल्याची सावली इथे पडता कामा नये. सुटलीस त्याच्यातून, बरं झालं."

सुटलीस. हा शब्द ऐकला की तिची मान आपोआप खाली जायची. वडिलांना दिसत नव्हतं, तरी जायची.

झालं होतं एवढंच, की वडिलांच्या मर्जीविरुद्ध केलेल्या लग्नानंतर कित्येक वर्षांनी पहिल्यांदा ती या घरी आली, तेव्हा त्यांनी दारातच विचारलं होतं, "एकटीच आलीस ना?" आणि ती "हो" म्हणाली होती. आज एकटी, एवढंच तिला म्हणायचं होतं. नवऱ्याला कायमची सोडून आली, असं त्यांनी धरलं. तिचा हात गालाशी नेऊन ते असे रडले, की खरं सांगायला तिचं तोंड उघडेना. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग गाडीची सीटं शिवून राठ झालेल्या बोटांनी पोरीची छाती चोळत बसला. त्यांच्या खोलीच्या भिंतींना कायम ओल असायची आणि पोरीचा श्वास रात्रभर शिट्टीसारखा वाजायचा.

"राहू दे तसंच थोडे दिवस," तो हळूच म्हणाला होता. "हिला कोरडी खोली मिळेल."

तिने लेकीला शिकवून ठेवलं, की आजोबांकडे बाबांचं नाव काढायचं नाही, हा आपला खेळ.

आता गादीवर खेळता खेळता पोर खोकायला लागली. तिने पिशवी उलटीपालटी केली. औषधाची बाटली घरीच राहिली होती. गॅलरीत जाऊन तिने दबक्या आवाजात नवऱ्याला फोन लावला. "अरे, बाटली राहिली बघ. खाली दुकानात दे, मी घेते." दुकानाला आज सुट्टी असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळाने थेट वरचीच बेल वाजली.

दारात तो होता. धापा टाकत, शर्टाला चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, हातात बाटली. "खाली कुलूप आहे," तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

क्षणभर तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "औषधवाले आहेत, बाबा! अहो, ठेवा तिथे स्टुलावर."

त्याने बाटली ठेवली. "ठेवली, ताई," तो म्हणाला. आवाजही बदलला त्याने, अगदी सराईतासारखा.

तेवढ्यात आतून पोर धावत आली. "बाबा!"

म्हाताऱ्याची मान वळली. "काय म्हणाली ती?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. कदाचित होता, आणि त्यात ती खरं सांगू शकली असती. पण तिच्या जिभेने आधीच वाट काढली होती. "तुम्हाला हाक मारतेय, बाबा. माझं ऐकून ऐकून तीही तुम्हाला बाबाच म्हणायला लागलीय."

आंधळ्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जे तिने आईच्या जाण्यानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पसरले. "मला? ये, ये माझी सोनुली. परत म्हण!"

पोर दाराकडे बघत होती. दारातल्या माणसाने हात अर्धवट पुढे केले होते, ते त्याने मागे घेतले आणि शर्टाला पुसल्यासारखं केलं. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला हलकेच आजोबांकडे ढकललं. अगदी हलकेच. खाऊकडे ढकलावं तसं.

"बाबा," पोर म्हाताऱ्याच्या मांडीत बसून पुटपुटली.

जिन्यावरून उतरणारी पावलं तिने ऐकली. तो चपला न वाजवता उतरत होता.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तो दाराशी मांडी घालून एका सीटला टाके घालत होता. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली, भांडं पुन्हा विसळलं.

"चला," तोच म्हणाला, वर न बघता. "लग्नाला इतकी वर्षं झाली, 'एकदा तरी अहो म्हण' म्हणून मागे लागलो होतो तुझ्या. आज ऐकायला मिळालं."

"नको ना असं बोलूस."

"अगं, गंमत केली." त्याने दाभण ओढलं, दोरा तुटला. "उद्या किती वाजता वकील?"

"मी नाही जाणार."

"जाशील," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला ते सोसवेना. "मीसुद्धा तुला जा म्हणेन. तीच तर भानगड आहे."

रोज बाप दिसला की पोर त्याच्या पाठीवर झेप घ्यायची. आज ती उंबऱ्याशीच थबकली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. तो टाके सोडून वाट बघत राहिला. पोर आईजवळ आली, तिचा पदर ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात, पण खोलीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

"आई, आजोबांना बाबा म्हणायचं ना? मग ह्यांना काय म्हणू?"