डबा आणि न दिसलेला हात

मी बोलतोय तो एक साधा पत्र्याचा डबा. आधी माझ्यात तेल असायचं. ते संपलं तसं म्हाताऱ्या नावाड्याने माझं तोंड कापलं, कडा ठोकून आत वळवल्या आणि मला होडीत पाणी उपसायला ठेवलं. लाकडी होडी थोडीफार गळायचीच. माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं.

म्हातारा आणि त्याचा जावई मिळून मासे धरायला जायचे. एकदा इंजिन नवं घ्यायचं की जुन्यावरच भागवायचं, यावरून दोघांची जुंपली. म्हाताऱ्याने जुनंच ठेवलं आणि वर अबोला धरला. होडी एक, जाळं एक, शिदोरी एक, तोंडं मात्र दोन दिशांना.

आता बोलायचं नाही तर पाळी कशी सांगायची? हात भरून आले की म्हातारा माझ्या बुडावर दोनदा टकटक करायचा. जावई मुकाट हात पुढे करायचा. मग थोड्या वेळाने त्याची टकटक. माणसं रुसली तरी होडी रुसत नाही, तिचं पाणी काढावंच लागतं.

आणि एक दिवस ते जुनं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. वाऱ्याने होडी नेली, किनारा दिसेनासा झाला. ते दिवस मी मोजले नाहीत, मला मोजता येत नाही. खारं पाणी माझ्यानेच बाहेर टाकायचे, आणि पाऊस आला की गोडं पाणी माझ्यातच धरायचे. प्यायच्या आधी दोघं मला कपाळाला लावायचे. माझा पत्रा गार, त्यांची डोकी तापलेली.

शेवटी म्हाताऱ्याला हात उचलवेना. तेव्हा जावयाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला त्याच्या ओठांना लावलं. स्वतः मागाहून प्याला. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

एका जहाजाने आम्हाला उचललं. घरी आल्यावर आधी कोण बोलणार, यावर घोडं अडलं ते अडलंच.

पुढे एक लेखक आला. भला माणूस. म्हाताऱ्याने त्याला सगळं सांगितलं, पण जावयाचं नाव काढलं की इंजिनाचंही काढावं लागणार, म्हणून ते तेवढं गाळलं. "पाणी ओठाला लागलं आणि वाचलो," एवढंच म्हणाला.

लेखकाने कादंबरी लिहिली. तिच्यात होडीत एकटाच माणूस. टकटकीचा घंटानाद झाला, कपाळाला लावण्याचा नमस्कार झाला, मी देवाघरचं पात्र झालो. आणि पाणी पाजणारा एक न दिसणारा हात आला.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. लेकीने वाचून दाखवलं. मध्येच थांबली. "बाबा, यात हे कुठे आहेत हो?"

"तू पुढे वाच."

जावई दारात जाळं शिवत होता. "असू दे गं. देव झालोय, वाईट काय? देवाला कुणी इंजिनाचं विचारत नाही."

हसला खरा. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीवर काम बघून आला. महिना सरला की जाणार, असं बायकोला सांगून टाकलं. म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि ताट तसंच बाजूला सारलं.

मग वाचनालयात त्या पुस्तकावर बैठक झाली. सगळं घर गेलं. मला टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडलं होतं. एक शिक्षिकाबाई त्या हाताबद्दल इतकं सुंदर बोलल्या की मलाही भरून आलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला तो हात कुणाचा वाटला?"

म्हातारा उठून टेबलाशी आला. त्याने मला उचललं, पालथं केलं, आणि बुडावर दोनदा टकटक केली.

मागच्या रांगेतून जावई उठला. सवयच ती. खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि हात पुढे केले.

"हा हात," म्हातारा म्हणाला. "इंजिनाचंही याचंच खरं होतं. जावईबापू, जाऊ नका."

"मामा, आधी बसा बघू."

बाईंनी डोळे पुसले. "म्हणजे मी काही फारसं चुकीचं बोलले नाही तर."

नाहीच बोलल्या.

वाचनालयवाले मला काचेच्या कपाटात ठेवतो म्हणाले. म्हातारा म्हणाला, "मग मी पाणी कशाने उपसू?" तेव्हा मी पुन्हा होडीत आहे. इंजिन नवं, गळती जुनीच. दोघं आता इतकं बोलतात की मासे पळावेत, पण पाळी अजून टकटकीनेच सांगतात.

कुणी मला बघून हात जोडले तर मी राग मानत नाही. जोडा. फक्त जोडून झाले की तेच हात पुढे करा, शेजारचा दमलेला असतो.

बरं, येतो. टकटक झाली.