नऊ आठवडे अठ्ठ्याऐंशी

“काटेभाऊ, ऐंशी! अहो, ऐंशी दाखवतोय!”

ड्रायव्हर माझ्या केबिनच्या खिडकीत डोकं घालून ओरडत होता आणि मी बाहेर काट्याच्या मधोमध उभा होतो. काटा म्हणजे ट्रक मोजायचा, अठरा मीटर लांबीचा लोखंडी चौथरा. ट्रक त्यावर चढतो, आत पडद्यावर आकडा उमटतो, मी पावती फाडतो. एकवीस वर्षं हेच करतोय. दोन महिन्यांपूर्वी याच पठ्ठ्याने मला गंमत म्हणून त्यावर उभं केलं होतं, तेव्हा नव्वद आलं होतं.

“याला चाळीस टन कळतात, माणूस कळत नाही,” मी खाली उतरत म्हणालो. “दहा-दहा किलोंच्या उड्या मारतो तो.”

“घ्या! स्वतःचाच काटा खोटा पाडतात!”

“गाडी काढ आधी. मागे रांग लागलीय.”

तो हसत गेला. मला मात्र हसू आलं नाही. सकाळीच घरच्या काट्यावर अठ्ठ्याऐंशी बघून आलो होतो. आठवडा नववा, आकडा तोच.

मी काही हौसेने बारीक होत नव्हतो. या वयात मला कुठे मिरवायचंय? माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागतं. माझी किडनी तिला जुळते. रक्त जुळलं, सगळं जुळलं, आणि शेवटी डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून चष्मा काढला. म्हणाले, “सगळं उत्तम आहे, फक्त तुम्ही जास्त आहात. चौऱ्याऐंशीच्या खाली उतरलात की या, लगेच तारीख देतो. त्याआधी नको.”

तेव्हा मी शहाण्णव होतो. साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, चहा कोरा केला. चार महिन्यांत आठ किलो उतरले. ड्रायव्हर लोक विचारायला लागले, काटेभाऊ, बरे आहात ना? आणि मग अठ्ठ्याऐंशीला जे अडलं ते अडलंच.

हॉस्पिटलच्या आहारवाल्या मॅडमना फोन केला. त्या शांत बाई. म्हणाल्या, “असं सगळ्यांचंच होतं. शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. तुम्ही तेवढंच खाता, तेवढंच चालता, त्याला सवय झाली. आता जरा जड उचलायला लागा, आणि झोप पुरी घ्या.”

जड उचला म्हणे! माझ्याकडे काय कमी आहे? काटा तपासायला आमच्याकडे वीस-वीस किलोंची शिक्क्याची लोखंडी वजनं असतात. दोन गाड्यांच्या मधे मी ती उचलायला लागलो. केबिनच्या मागे, एक इकडून तिकडे, दुसरं तिकडून इकडे. पाठ मोडली, दंड ठणकले. घरी येऊन काकडी आणि उकडलेली अंडी. मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही चिडका ससा झालात. आणि सकाळी उठून बघावं तर अठ्ठ्याऐंशी.

सहाव्या आठवड्यात पुन्हा मॅडमना फोन लावला, तेव्हा ताई बाजूलाच शिवणाच्या मशीनपाशी बसली होती. सगळ्या गल्लीचे कपडे शिवून तिनेच मला वाढवलं. आता हाताला सुजेमुळे मोठं काम होत नाही, पण घरातलं सांधणं-तुरपणं तिच्याचकडे असतं.

“काटा हलत नसेल तर काट्याचा नाद सोडा,” मॅडम म्हणाल्या. “स्नायू वाढले तरी वजन तेवढंच राहतं. पँट कमरेला सैल होतेय का ते बघा.”

मी फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर पँटच्या कमरेत बोट घातलं. सैल होती की! चांगली दोन बोटं आत गेली. “अगं, सैल होतेय!” मी बायकोला ओरडून सांगितलं. ताईने मान वर केली, हसली आणि पुन्हा सुई ओवायला लागली.

पुढच्या आठवड्यात पँट पुन्हा पहिल्यासारखी घट्ट. तिन्ही पँट तशाच. पट्टा मी कधी लावत नाही, पोटाला टोचतो, त्यामुळे दुसरं काही मोजमापही नव्हतं. म्हटलं, त्या दिवशी मन खुळं झालं होतं, दुसरं काय. त्या रात्री मी न जेवता झोपलो. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि पाठ करून पडली. तीही कंटाळली होती. घरात सकाळी पहिला शब्द “किती?” आणि रात्रीचा शेवटचा शब्द “नको.”

मला खरंच कोंडल्यासारखं व्हायला लागलं होतं. केबिन आठ बाय सहाची. तिथून सुटलो की डायलिसिसच्या वेळा, तिथून सुटलो की न्हाणीघरातला तो गोल काटा. ताईचा हात धरला की मनगटाखाली डायलिसिसच्या मशीनसाठी जोडलेली शीर थरथरते, ती बोटाला लागायची आणि वाटायचं, माझ्या चार किलो चरबीपायी हिचा जीव टांगलाय. रोज सकाळी काट्यावर चढताना मी डोळे मिटून घ्यायचो. चढायचं, श्वास सोडायचा, मग डोळे उघडायचे. देवळात जावं तसा जायचो मी त्या काट्याकडे.

आणि नोकरीवर? रोज पहिली गाडी यायच्या आधी रिकाम्या काट्यावर शून्य आहे की नाही ते बघतो. नव्या माणसाला शिकवताना पहिलं वाक्य तेच, शून्य बघितल्याशिवाय काही मोजायचं नाही. एकवीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही.

ड्रायव्हर ऐंशी-ऐंशी करून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला ताप आला. एरवी ताईबरोबर तीच जाते. मी रजा टाकली.

“तू कशाला? मी जाते एकटी,” ताई म्हणाली.

“येताना चक्कर येते तुला.”

“रिक्षा करीन.”

“ताई, गप्प बस आणि वजन कर. पाणी किती चढलंय बघू.”

ती काट्यावर चढेना. मीच हाताला धरून चढवली. छप्पन्न. मी आकडा लक्षात ठेवला, तिथे सांगायला.

डायलिसिसच्या खोलीत दारातच वजन करतात. तिथल्या टेक्निशियनने ताईला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, “एक्कावन्न. बरं आहे आज.”

“एक्कावन्न कसं? घरून छप्पन्न निघालं,” मी म्हणालो.

“घरचा काटा बघा तुमचा. आमचा परवाच तपासलाय.”

मी ताईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती.

मी चपला काढल्या आणि त्या काट्यावर चढलो. या वेळी डोळे मिटायचं लक्षातच राहिलं नाही. त्र्याऐंशी.

पहिल्यांदा छातीत असा काही आनंद भरला की टेक्निशियनला मिठी मारावी वाटलं. झालं! उतरलो! आणि लगेच डोक्यातला काटेवाला जागा झाला. छप्पन्नातून एक्कावन्न गेले, पाच. अठ्ठ्याऐंशीतून त्र्याऐंशी गेले, पाच. काटा आपोआप बिघडतो तेव्हा असा गुणी मुलासारखा बिघडत नाही. नऊ आठवडे मला बरोबर एकाच आकड्यावर धरून ठेवायला रोज कोणाचा तरी हात लागतो.

ताईला पलंगावर घेतलं, दोन्ही सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या. आता चार तास तिला हलता येणार नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो.

“काटा तू सरकवलास?”

“हो.” एवढं सरळ म्हणाली.

“नऊ आठवडे?”

“पहिले तीन आठवडे तू खरंच अडला होतास. मला वाटलं, सुटले. मग तू ती लोखंडं उचलायला लागलास आणि पुन्हा उतरायला लागलास. तू उतरशील तसं मी काट्यामागचं, शून्य सरकवायचं चाक थोडं थोडं फिरवत गेले.”

“आणि पँट?”

तिने मोकळ्या हाताने चादरीची कड आत दुमडली.

“अगं, मी उपाशी झोपलो! बायकोवर डाफरलो! मला वाटलं माझ्यातच खोट आहे!” माझा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरचे आजोबा जागे झाले. “का केलंस?”

“आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास,” ती हळू म्हणाली. “शाळेत वजन केलं, बावीस किलो. बाईंनी मला बोलावून विचारलं, याला घरी जेवायला घालता की नाही. मी सतरा वर्षांची. लाजेने मेले. तुझ्या अंगावरचा एकेक किलो मी शिवणं करून चढवलाय रे. आता त्यातलंच परत काढून घेऊ? पोरगी सहावीत आहे तुझी. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर तुला काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?”

“मला काही होत नाही.”

“आईपण दवाखान्यात जाताना असंच म्हणाली होती.”

राग होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. नळीतून तिचं रक्त मशीनमधे जात होतं आणि परत येत होतं. मी तिचा रिकामा हात धरला आणि मला रडू फुटलं. चारचौघांत, सेहेचाळीस वर्षांचा घोडा.

“एक सांग,” मी नाक पुसत म्हणालो. “माझ्या किडन्या गेल्या असत्या आणि तुझी जुळली असती, तर तू मला विचारत बसली असतीस?”

तिने डोळे मिटले. चार तासांनी सुया निघाल्या तेव्हाच उघडले.

घरी आल्यावर मी काटा उलटा केला, मागचं चाक फिरवलं आणि काटा शून्यावर आणला. हॉस्पिटलला फोन केला, सोमवारी सकाळी दोघांनी या म्हणाले. मी ते ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बायकोला सांगितलं. ताईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

तीन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज. मी सकाळी शून्य बघायचो, डोळे उघडे ठेवून चढायचो, त्र्याऐंशी म्हणायचो. बाहेरून कोणी “किती?” विचारत नव्हतं. एका पँटची कंबर उलटून मी आतून बघितली. जास्तीचं कापड आत दुमडून तिने बारीक टाके घातले होते. कापलं नव्हतं. मी पुन्हा जाडा होईन तेव्हा उसवून द्यायला ठेवलं होतं सगळं.

रविवारी दुपारी काकडी चिरत होतो, तर बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन सुरू झालं. थांबत थांबत चाललं होतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

तासाभराने गेलो. तिन्ही पँट खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या होत्या. ताई सुजलेली बोटं चोळत बसली होती. मशीनखाली फरशीवर कापडाच्या पट्ट्या पडल्या होत्या, दोन करड्या, दोन निळ्या, दोन काळ्या. तिने जास्तीचं सगळं कापड कापून टाकलं होतं आणि कडा पक्क्या शिवल्या होत्या.

“आता परत वाढायचं नाही,” ती म्हणाली. “उसवून द्यायला काही ठेवलेलं नाही.”

मी एक पँट उचलून कमरेला लावून बघितली.

“उद्या कुठली घालणारेस? करडी घाल. हॉस्पिटलात बरी दिसेल.”

मी खाली बसून पट्ट्या गोळा करायला लागलो, तर तिने पायानेच एक माझ्याकडे सरकवली.