अर्ध्यावर बसलेला काटा

“काल खाली, आज वर. या मेल्याचं काही खरं नाही,” माझ्या काचेवर बोटाने टकटक करत काकू पुटपुटल्या. मला फार लागलं. पण ज्याला तोंड नाही, त्याने काय बोलावं?

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा आहे. रंग लाल, लांबी तुमच्या करंगळीएवढी. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी गाडीची टाकी रिकामी धरून मला डाव्या टोकाला हलकेच बसवलं. म्हणाल्या, “इथून सुरुवात कर बाळा, आणि खोटं बोलू नकोस.” वीस वर्षं मी तो शब्द पाळला. टाकी भरली की उजवीकडे, संपत आली की डावीकडे. शेजारच्या वेगाच्या काट्याला सगळे कौतुकाने बघत. माझ्याकडे मात्र काळजीनेच बघत. तरी मी कुरकूर केली नाही.

मग म्हातारपण आलं. खड्डा आला की मी दचकून वर उडायचो, वळणावर लोळण घ्यायचो. काकूंनी टकटक केली ती त्याच दिवसांत.

आमचे मालक म्हणजे घड्याळकाका. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि चिमटा धरावा तर यांनीच. पण लोकांनी घड्याळं घालणं सोडलं आणि त्याच वर्षी दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून काका जेवायला या म्हटलं की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. बाकी खिडकीत बसून. काकूंची तक्रार ऐकून पहिल्यांदाच ते उठले.

“गॅरेजला कशाला न्यायची? मी बघतो.”

आधी दोन दिवस ते नुसते बघतच राहिले. मग स्क्रू काढून डबीत ठेवले, डॅशबोर्डमागची चकती बाहेर ओढली आणि भिंग लावून एकेक तार तपासली. इंजिनच्या उष्णतेचा काटाही माझ्यासारखाच नाचत होता. त्यावरून त्यांनी ओळखलं की दोष आमचा नाही, दोघांच्या सामाईक तारेचा आहे. तिचं टोक गंजलं होतं. काकांनी ते कानशीने घासून चकचकीत केलं आणि घट्ट आवळलं. मी तिथल्या तिथे बरा झालो, मित्रांनो. काका तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण घड्याळजीचा हात. समोर काटा दिसला आणि धुळीसकट सोडून दिला, असं आयुष्यात झालं नव्हतं. त्यांनी दोन चमचे खाली घालून मला उपटलं, फडक्याने पुसलं, माझ्या आसाला तेलाचा थेंब दिला आणि चाळीस वर्षं प्रत्येक काटा जिथे बसवला तिथेच मला बसवलं. बरोबर बाराला, ताठ वर. गाडी बंद असताना माझी जागा डाव्या टोकाला, रिकाम्यावर; वर बसवलं म्हणजे अर्धी टाकी.

त्या दिवसापासून टाकी कोरडी असली तरी मी अर्धी दाखवतो. अर्धी असली की पूर्ण. आणि पूर्ण भरली की उजवीकडच्या खिळ्याला नाक टेकून उभा राहतो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

काकांना तर गगन ठेंगणं झालं. “बघितलंस? माझा हात लागला आणि गाडी पेट्रोल प्यायचीच विसरली.” हे त्यांनी आधी दूधवाल्याला सांगितलं, मग पोस्टमनला, मग पुन्हा दूधवाल्याला. संध्याकाळी स्वतःहून दोन पोळ्या जास्त मागितल्या. काकू आणि त्यांची लेक ताई, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माझ्या कपाळी खोटारडेपणा कायमचा लिहिला गेला.

“सोमवारी गाडी नेशील ना, तेव्हा गुपचूप भरून आण,” काकू मागच्या सीटवर कुजबुजल्या.

“आई, किती दिवस?”

“ते हसतायत तोवर.”

तीन महिने गाडी अशी चालली. मग ताई कामासाठी पंधरा दिवस परगावी गेली, आणि नेमकं त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी काकांची कीर्ती ऐकली. बारा टॅक्सी, सगळ्यांचे काटे बिघडलेले. काकांनी दुकानाचं कुलूप उघडलं, जाळी झाडली, पाटीवर ‘घड्याळे’ होतं त्याखाली ‘व गाडीचे काटे’ असं स्वतः रंगवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी काकूंच्या मांडीवर ठेवून गाडीने दुकानाकडे निघाले.

पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली.

“प्लग असेल,” काका म्हणाले. प्लग काढून पुसले. “मग हवेची जाळी असेल.” ती झटकली. वायर हलवल्या, बॅटरी चाचपली. मागून हॉर्न वाजत होते.

“पेट्रोल?” काकूंनी हळूच विचारलं.

“अगं, अर्धी टाकी आहे. दिसतंय ना समोर?”

मी समोर ताठ उभा होतो. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. आमच्यापैकी कुणाला उपटायची वेळ आलीच, तर तो आधी कुठे टेकला होता तिथे पेन्सिलीने खूण करा. आणि बसवणाऱ्याचं चुकलं, तर त्याला त्याच दिवशी सांगा. तीन महिन्यांनी सांगणं फार जड जातं. सांगणाऱ्यालाही.

काका आत येऊन बसले. हात ग्रीसने काळे झालेले. “पटकन आटपायला हवं. बारा टॅक्सी थांबल्यायत माझ्यासाठी.”

काकूंनी मांडीवरची पेटी मागच्या सीटवर ठेवली, आपल्या पदराने त्यांची बोटं एकेक करून पुसली, आणि हात न सोडता म्हणाल्या,

“अहो, घड्याळाचा काटा बाराला बसवतात. टाकीचा नाही. तुमचं चुकलं.”