घरात कोणी तंबाखू वापरतं का?

शाळेतल्या तपासणीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सृष्टीचा गाल बोटानं ओढून धरला आणि तिच्या आईला, बबिताला, आतला पांढरा डाग दाखवला. "हा तंबाखूचा आहे. आत्ता सोडली तर जाईल. नाही सोडली तर पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही आशाताई आहात."

बोरी गावाच्या गल्लीगल्लीत व्यसनमुक्तीची पत्रकं वाटणारी बबिता, आणि तिचीच दहावीतली पोर! लाज तर वाटलीच, पण भीती त्याहून मोठी. गालाच्या कॅन्सरची एक बाई तिनं दोन वर्षं दवाखान्यात नेली-आणली होती. शेवटी त्या बाईला पाणीसुद्धा गिळत नव्हतं.

"कोण देतं तुला?" तिनं घरी येताच विचारलं. सृष्टी खाली बघत राहिली.

झालं. न बोलणाऱ्या पोरीचं काहीतरी लपलेलं असणारच. बबिताचा पहिला संशय भक्तीवर, सृष्टीच्या मैत्रिणीवर. तिचं येणं तिनं बंद केलं. मग दप्तर उलटं केलं, कंपास झाडली, स्वेटर हुंगला. हाती लागले चार चिंचोके. सृष्टीच्या बोटाचं नख मात्र काळं होतं.

"चेन पडली व्हती सायकलीची."

बबितानं जाऊन चेन ओढून पाहिली. ती चांगली ताठ होती. मनातली पाल आणखीच चुकचुकली.

त्यातच सासूशी, चांगुणाबाईंशी, वाजलं. दोघींचा मिश्रीचा डबा एकच. पंधरा दिवस पुरणारा डबा हल्ली आठवड्यातच तळाला जायचा. "आत्याबाई, जरा कमी घासा की," एवढंच ती म्हणाली, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

उरला स्टँडवरचा टपरीवाला बालाजी. बबिता भरदुपारी चार माणसांत त्याच्यावर तुटून पडली. "शाळंच्या पोरींना पुड्या इकायलास व्हय रे? पोलिसात देईन!"

बालाजी शांतपणे पान पुसत होता. "वैनी, तुमची पोर इथं कवा दिसली असंल तर टपरी पेटवून द्या. तंबाखू तर तुमीच न्यायलाव. आधी महिन्याला दोन पुडे न्यायच्या, आता चार."

"ती मिश्रीला हाय!"

"मग मी काय येगळं म्हणायलोय?"

लोक हसले. बबिताला हसणं ऐकूच आलं नाही.

तंबाखूची पानं तव्यावर तीच भाजायची, ठसकत ठसकत. तरी मिश्री तिच्या लेखी तंबाखूत कधी धरलीच नव्हती. ती आपली दात घासायची पूड. सर्व्हेच्या वेळी बाया म्हणायच्या, "मिश्री तेवढी हाय बाई," आणि ही 'घरात कोणी तंबाखू वापरतं का?' याच्यापुढं बिनदिक्कत 'नाही' लिहायची. स्वतःच्या घरापुढंही तेच लिहिलं होतं.

घरी आली तेव्हा सृष्टी न्हाणीत होती, हिरडीवर बोट, शेजारी डबा.

"कवापासून?"

"सातवीत दाढ ठणकायली तवा तूच लावलीस. ठणका थांबला. मग रोजच लावू वाटायलं."

"मग इचारलं तवा का बोलली न्हाईस?"

"कोण देतं, असं इचारलंस. तुजं नाव कसं घेऊ, आई?"

बबिता तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पोरीला जवळ ओढून रडली. संध्याकाळी तिनं डबा उकिरड्यावर रिकामा केला. चांगुणाबाई कुरकुरल्या, पण नातीचा गाल पाहून गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी बबिता भक्तीच्या घरी जाऊन तिच्या आईची माफी मागून आली.

तिसऱ्या सकाळी बबिताचं डोकं ठणकत होतं, हिरड्या शिवशिवत होत्या. चहाच्या डब्यामागं कागदात बांधलेली एक चिमूट होती. डबा रिकामा करताना तिनंच ती बाजूला काढली होती. हात तिकडं गेलाच.

"आई." दारात सृष्टी उभी होती. बबिता गेले आठ दिवस जशी तिच्याकडं बघायची, अगदी तशीच ती बघत होती. "मूठ उघड."

बबिताला क्षणभर राग आला. मग तिनं मूठ उघडली.

सृष्टीनं पुडी घेऊन चुलीत टाकली आणि आईसमोर बसून आपलं तोंड उघडलं. "आता माझं बघ."

बबितानं तिचा गाल उजेडाकडं वळवला. डाग अजून होता.