सातवा मसुदा

मशीन उचलायला चार माणसं लागली. वसुलीवाला दाराशी उभा राहून "काका, बोटं सांभाळा" असं मलाच बजावत होता. तो वाईट माणूस नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिथे मी तीस वर्षं पुस्तकं बांधतो आहे. बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पतपेढीचं कर्ज काढलं आणि तारण म्हणून कागद कापायचं मशीन लिहून दिलं. आठ हप्ते वेळेवर गेले. मग एका शाळेचं काम सुटलं आणि पुढचे तीन थकले. गेल्या महिन्यात वसुलीवाल्यानेच वाट दाखवली होती. "ऑफिसला एक अर्ज टाका, काका. दरमहा किती जमेल तेवढं लिहा. दहा तारखेच्या आत आला तर हप्ता कमी करून देतात."

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. पण त्यात 'कृपया' तीनदा आलं होतं. दुसरा लाचार वाटला, तिसरा उर्मट. लोकांची पुस्तकं शिवता शिवता मी जन्मभर वाचत आलो. त्यामुळे चांगलं वाक्य ओळखता येतं, एवढंच. सातवा मसुदा बरा उतरला तेव्हा बारा तारीख उजाडली होती. मग पाठवायची लाज वाटली.

मशीन ओढताना टेबलाला धक्का लागला, खण बाहेर आला आणि सगळे कागद बायकोच्या हाती पडले. ज्या डोळ्यांसाठी कर्ज काढलं, त्याच डोळ्यांनी तिने ते एकेक करून वाचले.

"अहो, पहिल्यात काय वाईट होतं?"

मी खण परत आत ढकलला.

वसुलीवाल्याने घसा खाकरला. "काकू, मशीन विकून निम्मंच फिटेल. बाकीच्यासाठी अर्ज द्या. आत्ता दिलात तर मीच नेतो."

"लिहा," ती म्हणाली.

"जरा विचार करून..."

"तुमच्या विचारापायी दुकान चाललंय टेम्पोतून! दोन ओळी खरडा. लग्नाची पत्रिका नाही ती."

हमालांपैकी कोणीतरी हसलं. वसुलीवाला बाहेर टेम्पोत जाऊन बसला, हॉर्न वाजला. मी पहिला मसुदा पुढ्यात घेतला, भराभर उतरवून काढला, सही ठोकली. पुन्हा एकदा वाचावा म्हणून उचलला, तोच तिने तो हातातून ओढला आणि धावत जाऊन टेम्पोच्या खिडकीतून वसुलीवाल्याकडे दिला.

"सुटलो एकदाचे," ती धापा टाकत आत आली.

मशीनच्या जागी जमिनीत बोल्टांची चार भोकं राहिली होती. शेजारी शिवून ठेवलेल्या चाळीस वह्या, कडा न कापलेल्या. अशी महिन्याला किती कामं उरकतील त्याचा हिशेब करून मी पहिल्या मसुद्यात आकडा घातला होता. तेव्हा मशीन होतं.

"दरमहा किती लिहिलंत?" तिने विचारलं.

मी वरची वही ओढली, पट्टी दाबून धरली आणि सुरीने कड कापायला लागलो. चार पानांतच सुरी घसरली, कड वाकडी गेली.

"अहो, किती?"