‘शी!’ म्हणणाऱ्या बाईचा कंगवा

मी एक जुना, शिंगाचा कंगवा आहे. माझे दोन दाते तुटलेले आहेत आणि मी स्वभावाने कुरकुऱ्या आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, ज्याचं सगळं आयुष्य लोकांच्या डोक्यात गेलं, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

शिंग करवतीने कापताना जो घाणेरडा वास सुटतो, त्या वासात माझा जन्म झाला. कारागीर नाकाला फडकं बांधूनच बसायचा. त्याने शिंग तापवून सपाट केलं, एकेक दाता कापला आणि बोटाला टोचेनासा होईपर्यंत घासला. मला विकत घेतलं ते केस कापणाऱ्या एका तरुण बाईने. तिचे स्वतःचे केस दाट आणि कुरळे होते, म्हणून सगळे तिला कुरळीच म्हणत.

दोन खुर्च्या आणि एक बेसिन एवढंच ते दुकान. मालकीण होत्या मोठ्या बाई. त्या तोंडाने फटकळ होत्या. मी कुरळीच्या ॲप्रनच्या खिशात राहायचो. तिथे मी काय काय पाहिलं ते विचारू नका. कोंडा, उवा, लिखा, कानामागे वाळलेला कलप, एकदा तर केसांत चिकटलेलं च्युइंगगम! कुरळी दिवसभर “शी!” म्हणायची. बेसिनच्या जाळीतले केस पाहून शी, टोपीखालचा घाम पाहून शी. पण म्हणता म्हणता हात घालायची आणि सगळं लख्ख करून सोडायची. दुकान बंद करण्याआधी ती साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने माझा एकेक दाता घासायची.

गिऱ्हाइकं तिच्या हलक्या हाताची तारीफ करत. गुंता कितीही असो, ती केस वरून मुठीत धरायची, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, आणि टोकापासून सुरुवात करायची. “मुळापासून ओढलं ना, की गाठ आणखी घट्ट बसते,” असं ती हसत सांगायची.

मग एके दिवशी तिने मला धुतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या दात्यांत परक्या केसांचा चिकट थर साचू लागला आणि मला माझाच वैताग येऊ लागला. कुरळी नळ सोडून बेसिनपाशी नुसती उभी राहायची. तिची भूक गेली, हसू गेलं. पहाटेच जाग यायची म्हणून ती दिवसभर पेंगायची. एका बाईंच्या डोक्यावर कलप तसाच राहून गेला. त्या भडकल्या, तर ही म्हणाली, “माझंच चुकलं. माझं सगळंच चुकतं.” त्यानंतर ती दुकानात गेली नाही. ॲप्रनसकट मी तिच्या बिछान्याच्या पायथ्याशी पडून राहिलो.

आता त्या खोलीबद्दल सांगतो. उशीचा अभ्रा तेलकट काळा झाला होता. चहाच्या कपात साय वाळून तिला बुरशी आली होती. कुरळीने कित्येक दिवसांत अंघोळ केली नव्हती आणि तिच्या डोक्यामागे केसांचा घट्ट लगदा झाला होता. एवढी घाण, आणि तिच्या तोंडून एकदाही “शी!” निघालं नाही.

पण खरी किळस मला आली ती बोलणाऱ्यांची. “खाऊनपिऊन सुखी आहेस, तुला कमी काय आहे?” “जरा मन रमव की!” “कामाचा कंटाळा, दुसरं काय?” जो येई तो दोन वाक्यं टाकून, हात झटकून जाई. नवऱ्याने रक्ततपासणी करून आणली. सगळं नॉर्मल निघालं. “बघ, तुला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. कुरळीने भिंतीकडे तोंड केलं.

नवऱ्याला बढती मिळाली म्हणून घरी माणसं येणार होती. त्याची मोठी बहीण तयारीला आली. “कुरळे, ऊठ. लोकं काय म्हणतील?” असं म्हणत तिने मला उचललं आणि त्या लगद्यात थेट मुळाशी खुपसून खस्सकन ओढलं. माझे दोन दाते कडकन तुटले. कुरळीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“वन्सं, राहू द्या,” एवढंच ती पुटपुटली.

नणंदेने मला फेकून दिलं, खोलीभर सुगंधी फवारा मारला आणि दार ओढून घेतलं. घाणीवर तो अत्तराचा वास! मळमळण्याची सोय कंगव्याला असती तर मी तिथेच ओकलो असतो. बाहेर सांगितलं गेलं, “डोकं दुखतंय हो, झोपलीय.” बाहेर बशा वाजत होत्या, हशा पिकत होता. आत कुरळी हळूच म्हणाली, “मी नसते तर सुटले असते बिचारे.” ते ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मला तोंड नाही.

इतक्यात दार उघडलं. मोठ्या बाई आल्या होत्या, न बोलावता. “शी!” त्या मोठ्याने म्हणाल्या. “काय वास मारतोय गं इथे!” आणि त्या कळकट चादरीवर तिच्याजवळ बसल्या. तोवर भेटायला आलेलं कुणीही त्या चादरीवर टेकलं नव्हतं.

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग सरळ विचारलं, “कुरळे, मरून जावंसं वाटतं का तुला?”

“अहो, काय हे अभद्र बोलणं!” नणंद दारातून ओरडली. “नसतं तिच्या डोक्यात भरवू नका.”

“विचारल्याने भरत नाही. माझ्या धाकट्या भावाला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारते.”

कुरळीने चादरीचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाली, “हो.”

नणंदेमागे कुरळीचा नवरा उभा होता, हातात खाण्याची बशी घेऊन. ती त्याने तशीच धरून ठेवली होती. बाहेर कुणीतरी विनोद सांगत होतं.

मोठ्या बाईंनी त्याला पाहुण्यांना वाटेला लावायला सांगितलं. त्याच संध्याकाळी तिघं मनाच्या डॉक्टरांकडे गेली. मोठ्या बाईंनी सवयीने मला जमिनीवरून उचलून पर्समध्ये टाकलं होतं. डॉक्टरबाईंनी झोप, भूक, कामातली गोडी, सगळं विचारलं. मरणाचे विचार किती येतात, काही ठरवलंय का, हेही विचारलं. नवऱ्याने रिपोर्ट पुढे केले.

“हे चांगलं आहे. म्हणजे थायरॉइड नाही, अंगात रक्त कमी नाही,” त्या म्हणाल्या. “पण आजार आहे. याला नैराश्य म्हणतात, आणि यावर इलाज आहे.”

“तिने जरा मनावर घेतलं तर...”

“मनावर घ्यायला मनच आजारी आहे ना हो! गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातील. दर आठवड्याला माझ्याशी बोलायला आणा. सध्या एकटं ठेवू नका, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.”

घरी आल्यावर कुरळी म्हणाली, “केस कापूनच टाका.”

“बरी झालीस की तूच ठरव,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला नवऱ्याच्या हातात दिलं. “टोकापासून ये. रोज थोडं. कंडिशनर लाव भरपूर.”

पहिल्या दिवशी त्या लगद्याच्या वासाने त्याला उबळ आली. तो मोरीत जाऊन ओकला, चूळ भरून परत आला आणि केस वरून मुठीत धरून बसला. काही दिवस काहीच बदललं नाही. नणंद म्हणाली, “गोळ्यांनी काय दिवे लागले? उगाच सवय लागेल.”

“ताई, दम धर,” तो म्हणाला. “आणि ते दार लावू नकोस.”

गुंता खालून सुटत सुटत मानेपर्यंत आला. मधली एक गाठ काही सुटली नाही, ती कापावीच लागली. कधी कुरळी दोन घास जास्त खायची, कधी पुन्हा भिंतीकडे वळायची. एका दुपारी तो केस सोडवत असताना तिने कूस बदलली. तिचं नाक उशीला टेकलं आणि आक्रसलं.

“शी!” ती म्हणाली. “कधीपासून धुतला नाही हा अभ्रा?”

नवऱ्याचा हात थांबला. तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. त्याने एवढ्या घाईने अभ्रा काढला की उशी खाली पडली. मग कुरळीचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आणि याची काय दशा केलीत! टूथब्रश आणा तो जुना.” मित्रांनो, त्या साबणाच्या पाण्यात मी इतका सुखावलो की तुटक्या दात्यांचं दुःखही विसरलो.

आता ती अर्धा दिवस दुकानात जाते. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर सांगतील तेव्हा बंद होतील.

मित्रांनो, घाणीला खुशाल नाक मुरडा, मीही मुरडतो. पण तुमच्या घरातलं कुणी नाक मुरडायचंही सोडून देईल, तेव्हा दार ओढून घेऊ नका. जवळ बसा, विचारा, आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. त्या माणसालाही माझा एक निरोप द्या. उत्तर ‘हो’ आलं, तर हातातली बशी आधी खाली ठेवा.